विद्यापीठीय ग्रंथालय आणि विद्यार्थी : ग्रंथनिवड व सेवा यांतील सहभागाचा विचार

ग्रंथालय हे विद्यापीठाच्या सर्व कार्याचे हृदय होय, अशा आशयाचे विधान १९४८-४९ च्या विद्यापीठ शिक्षण आयोगाने, म्हणजेच राधाकृष्णन आयोगाने, केले. तेव्हापासून ग्रंथालयाच्या कोनशिलेपासून वार्षिक अहवालापर्यंत ते सर्वत्र उद्धृत केले जाते. परंतु हृदयाचे काम केवळ रक्त पाठविण्याचे नसते. परत आलेले रक्त स्वीकारण्याचेही असते, याचा मात्र आपणांस बहुधा विसर पडतो. ग्रंथालयातून विद्यार्थ्यांकडे ग्रंथ जातात. विद्यार्थ्यांकडून ग्रंथालयाकडे काय येते? मुदतीनंतरचा दंड आणि वर्षाअखेरचा ना-देय दाखला, याखेरीज फारसे काही येत नाही, असे उत्तर अनेक ठिकाणी द्यावे लागेल.

कोणता ग्रंथ विकत घ्यावा, त्याच्या किती प्रती असाव्यात, वाचनकक्ष कोणत्या वेळी उघडा असावा, कोणते ग्रंथ घरी न्यावयास द्यावेत, हे निर्णय ग्रंथपाल, विभागप्रमुख आणि ग्रंथालय समिती यांच्याकडून होतात. त्यांच्या अधिकाराविषयी वाद असण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, ज्याच्यासाठी हा सर्व खटाटोप करावयाचा, त्या विद्यार्थ्याचे म्हणणे या निर्णयांपर्यंत पोहोचण्याची वाट आहे काय? नसल्यास ती कशी तयार करावी, आणि ती तयार करताना कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हिशेबात गणला, निवडीत वगळला

विद्यापीठ अनुदान आयोगाने १९५७ मध्ये डॉ. शि. रा. रंगनाथन यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय समिती नेमली. ग्रंथखरेदीसाठी दर विद्यार्थ्यामागे वार्षिक १५ रुपये आणि दर अध्यापकामागे २०० रुपये, असे प्रमाण त्या समितीने सुचविले. पुढे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने हेच प्रमाण अनुक्रमे २५ आणि ३०० रुपये असावे, असे म्हटले. आज हे आकडे अर्थातच कालबाह्य झाले आहेत. परंतु त्यांतील तत्त्व लक्षात घेण्याजोगे आहे. ग्रंथालयाचा निधी ठरविताना विद्यार्थ्यांची संख्या मोजली गेली. ज्या विद्यापीठात अध्यापकांच्या पंधरा-वीस पट विद्यार्थी आहेत, तेथे या सूत्राने येणाऱ्या रकमेचा मोठा भाग विद्यार्थ्यांच्याच नावे येतो. म्हणजे निधीच्या हिशेबात विद्यार्थी आहे; निधीच्या विनियोगात मात्र तो नाही.

यात कोणाचा दुष्ट हेतू असतो, असे नव्हे. खरेदीची रूढ पद्धतच तशी आहे. विभागांकडून याद्या मागविल्या जातात. काही विभागांच्या वेळेवर येतात, काहींच्या स्मरणपत्रांनंतर येतात, काहींच्या येतच नाहीत. आर्थिक वर्ष संपत येते, अनुदान परत जाण्याची भीती उभी राहते, आणि मार्च महिन्यात विक्रेत्याकडे जे तयार असेल ते घेतले जाते. परीक्षेच्या ऐन तोंडावर ग्रंथ दाखल होतात आणि ते वर्गीकृत होऊन कपाटात पोहोचेपर्यंत ज्यांच्यासाठी ते घेतले, ती तुकडी विद्यापीठ सोडून गेलेली असते.

पूर्वपीठिका

विद्यार्थ्यांनी ग्रंथव्यवहारात लक्ष घालणे ही अलीकडची कल्पना आहे, असा समज असल्यास तो बरोबर नाही. इटलीतील बोलोन्या येथील प्राचीन विद्यापीठ हे विद्यार्थ्यांच्या संघटनांनी चालविलेले विद्यापीठ होते. मुद्रणकला येण्यापूर्वी तेथे पाठ्यग्रंथांच्या अधिकृत प्रती सुट्या भागांत विभागून नकलण्यासाठी भाड्याने दिल्या जात. या प्रती शुद्ध आहेत किंवा नाहीत, हे पाहण्याचे काम विद्यार्थ्यांतून निवडलेले पदाधिकारी करीत. सदोष प्रतीने आपले नुकसान होते, हे ज्याला कळते, त्यालाच तपासणीचे काम देण्यात व्यवहारज्ञान होते.

आपल्या प्रदेशातील ग्रंथालय चळवळीचा आरंभही वाचकाभिमुख होता. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना पाचारण केले आणि मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेडोपाडी जाणाऱ्या फिरत्या ग्रंथपेट्यांपर्यंतची व्यवस्था उभी केली. या चळवळीचे ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक १९१२ पासून इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघत असे. वाचक ज्या भाषेत विचार करतो, त्या भाषेत ग्रंथालयाने त्याच्याशी बोलावे, हा धडा त्या त्रैभाषिक अंकांत होता. त्याच नगरीत १९४९ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाचे ग्रंथालय आज पहिल्या कुलगुरू श्रीमती हंसाबेन मेहता यांच्या नावाने ओळखले जाते.

डॉ. रंगनाथन यांचे उदाहरण तर सर्वांच्या परिचयाचे आहे. गणिताचे हे अध्यापक जानेवारी १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. परंतु वाचकांवाचून असलेल्या ग्रंथालयातील एकांत त्यांना इतका असह्य झाला की, थोड्याच दिवसांत त्यांनी पुन्हा अध्यापनाकडे जाऊ देण्याची विनंती केली. पुढे इंग्लंडमधील ग्रंथालयांचे निरीक्षण करून ते परतले आणि मद्रासचे ग्रंथालय त्यांनी वाचकांना मोकळे केले. १९३१ मध्ये त्यांनी मांडलेली पंचसूत्री अशी : ग्रंथ उपयोगासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचवावा, ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. यांपैकी दुसरे व तिसरे सूत्र वाचकाला विचारल्यावाचून अमलात आणता येणे कठीण आहे. वाचकाला ‘त्याचा’ ग्रंथ द्यावयाचा, तर तो कोणता हे प्रथम त्याच्याकडूनच कळले पाहिजे.

न उघडलेल्या ग्रंथांचा हिशेब

तज्ज्ञांनी निवडलेले ग्रंथ वाचले जातातच, असे गृहीत धरता येत नाही. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठात ॲलन केंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६९ मध्ये तेथील ग्रंथालयात दाखल झालेल्या ग्रंथांपैकी सुमारे ४० टक्के ग्रंथ पुढील सहा वर्षांत एकदाही घरी नेले गेले नव्हते, असे त्यात आढळले. या अभ्यासावर टीकाही पुष्कळ झाली. ग्रंथालयात बसून वाचल्या जाणाऱ्या ग्रंथांची मोजदाद नीट होत नाही, आणि संशोधनग्रंथाचे मोल सहा वर्षांत ठरत नाही, हे दोन्ही आक्षेप रास्त आहेत. तथापि निवड करणाऱ्याचा अंदाज आणि वाचणाऱ्याची गरज यांत मोठे अंतर पडू शकते, एवढे त्यावरून निश्चित दिसले.

या अंतरावर एक साधा उपाय अमेरिकेतीलच पर्ड्यू विद्यापीठाने २००० पासून योजला. जो ग्रंथ आपल्याकडे नाही, तो वाचकाच्या मागणीवरून अन्य ग्रंथालयाकडून उसना आणण्याची पद्धत जगभर आहे. पर्ड्यूने असे ठरविले की, मागितलेला ग्रंथ अलीकडचा, विद्वत्तापूर्ण आणि ठरावीक किमतीच्या आतील असेल व लवकर मिळण्याजोगा असेल, तर तो उसना आणण्याऐवजी विकतच घ्यावा. वाचकाने तो वाचून परत केला की संग्रहात दाखल करावा. पुढे विषयतज्ज्ञ ग्रंथपालांनी असे ग्रंथ तपासले, तेव्हा त्यांतील बहुतांश ग्रंथ संग्रहाला शोभणारेच ठरले. मागणी करणाऱ्यांत पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा वाटा मोठा होता. विशेष म्हणजे दोन विषयांच्या सीमेवरील ग्रंथ या मार्गाने अधिक आले. विभागवार यादीत असे ग्रंथ सुटतात. कारण अर्थशास्त्र विभागाला तो इतिहासाचा वाटतो आणि इतिहास विभागाला अर्थशास्त्राचा. त्या सीमेवर प्रत्यक्ष काम करणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र त्याची नड भासत असते.

आपल्याकडील प्रश्नाचे स्वरूप

परदेशांतील पद्धती जशाच्या तशा उचलून चालणार नाही. गोवा, बेळगाव, वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील विद्यापीठीय ग्रंथालयांपुढील प्रश्नाला एक वेगळा पदर आहे, तो भाषेचा. घरी एक भाषा, शाळेत दुसरी आणि विद्यापीठात तिसरी, अशी येथील अनेक विद्यार्थ्यांची स्थिती असते. गोव्यात इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला पोर्तुगीज साधने, मोडी कागदपत्रे, मराठी व कोकणी ग्रंथ आणि इंग्रजी समीक्षा, या सर्वांशी गाठ घालावी लागते. गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा ग्रंथसंग्रह आणि पांडुरंग पिसुर्लेकर यांचा संग्रह यांसारखा मोलाचा ठेवा आहे. परंतु असा ठेवा असणे आणि तो प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यात असणे, या दोन भिन्न गोष्टी होत. त्याच्या आवाक्यात तो यावयाचा, तर शब्दकोश, मोडी वाचनाची प्राथमिक पुस्तके, भाषांतरे आणि मराठीतील परिचयग्रंथ त्याच्या शेजारी असावे लागतात. ही मधली पायरी अध्यापकाने कधीच ओलांडलेली असते; म्हणून यादी करताना ती त्याला आठवत नाही. ती आठवते ती तेथे अडखळलेल्या विद्यार्थ्यालाच.

हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. १९१८ मध्ये हे विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू होण्यापूर्वीच, १९१७ मध्ये, भाषांतर विभागाची स्थापना करण्यात आली. विद्यार्थ्याच्या भाषेत ग्रंथ नसतील तर माध्यमाची घोषणा व्यर्थ ठरेल, हे त्यामागील धोरण होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने भारतीय भाषांतून उच्च शिक्षण देण्यावर भर दिला आहे. तेव्हा कोणत्या विषयात मराठी ग्रंथांची वाण आहे, हे ग्रंथालयांनी विद्यार्थ्यांकडूनच समजून घ्यावयास हवे.

दुसरा पदर आहे तो संकोचाचा. सत्तरी किंवा खानापूर यांसारख्या तालुक्यातील एखाद्या गावातून बसने येणारी, घरातील पहिलीच पदवीधर होऊ घातलेली विद्यार्थिनी डोळ्यांपुढे आणावी. तिला हवा असलेला ग्रंथ तालिकेत दिसतो. कपाटात तो नसतो. देवघेवीच्या खिडकीवर ती विचारते. “बाहेर गेला आहे,” असे उत्तर मिळते. कोणाकडे, केव्हा परत येईल, आपले नाव मागे लावता येईल काय, हे विचारण्याचे धैर्य तिला होत नाही. दोनदा असे झाल्यावर ती प्रबंधिकेचा विषय बदलते, किंवा बाजारातील मार्गदर्शिकेवर भागविते. ग्रंथालयाच्या कोणत्याही नोंदवहीत या प्रसंगाची नोंद होत नाही. दिलेल्या ग्रंथांची संख्या अहवालात येते. न मिळालेल्या ग्रंथांची येत नाही. वस्तुतः संग्रहाच्या वाढीसाठी अत्यंत उपयुक्त अशी हीच माहिती आपण रोज हातची घालवितो.

सहभागाचे मार्ग

विद्यार्थ्यांचा सहभाग म्हणजे केवळ समितीवर एक प्रतिनिधी घेणे नव्हे. समितीच्या वर्षातून दोन सभा होतात आणि प्रतिनिधी तेथे बहुधा मौन पाळतो. रोजच्या व्यवहारात विद्यार्थ्याचे मत आपोआप उतरेल, अशा लहान लहान व्यवस्था अधिक फलदायी ठरतात. त्यांपैकी काही पुढे दिल्या आहेत.

(१) उत्तरासह मागणीवही : सूचनापेटी जवळजवळ प्रत्येक ग्रंथालयात असते, तिचे कुलूप क्वचितच उघडले जाते. पेटीऐवजी दर्शनी जागी वही ठेवावी. तिच्यात तीन रकाने असावेत : मागितलेला ग्रंथ किंवा विषय, मागण्याचे कारण, आणि ग्रंथालयाचे उत्तर. उत्तर पंधरा दिवसांच्या आत लिहिले जावे. ‘मागविला आहे’, ‘शहरातील अमुक ग्रंथालयात उपलब्ध आहे’, ‘किंमत फार असल्याने पुढील वर्षी विचार करू’ यांपैकी कोणतेही उत्तर चालेल. परंतु रकाना कोरा राहता कामा नये. एकाची मागणी व तिचे उत्तर दुसऱ्याला वाचता येत असल्याने संकोच ओसरतो. ग्रंथाचे नाव माहीत नसल्यास केवळ विषय लिहिण्याची मुभा अवश्य असावी. नवख्या विद्यार्थ्याला गरज ठाऊक असते, नाव ठाऊक नसते.

(२) न मिळालेल्या ग्रंथांची नोंद : देवघेवीच्या खिडकीवर एक साधा तक्ता ठेवावा. ग्रंथ नाही म्हणून विद्यार्थी परत गेला की कर्मचाऱ्याने त्या ग्रंथाच्या नावापुढे एक खूण करावी. महिनाअखेर ज्या नावांपुढे अधिक खुणा असतील, त्यांच्या प्रती वाढवाव्यात. ग्रंथ राखून ठेवण्याची रांग असल्यास, पाच जण रांगेत उभे राहिले की आणखी एक प्रत घ्यावी, असा नियम ठरविता येईल. नियम लिखित असला म्हणजे खरेदीला शिफारशीची वाट पाहावी लागत नाही.

(३) विद्यार्थी ग्रंथनिधी : वार्षिक ग्रंथखरेदीच्या रकमेतील एक लहान हिस्सा, आरंभी शेकडा पाच इतका जरी, विद्यार्थ्यांच्या मागण्यांसाठी स्वतंत्र राखून ठेवावा. तो वर्षभर टप्प्याटप्प्याने खर्च व्हावा, मार्चसाठी शिल्लक राहू नये. रक्कम लहान असल्याने चुकीची जोखीम लहान राहते. आणि आपण मागितलेला ग्रंथ खरोखर आला, हा अनुभव मात्र फार मोठा असतो.

(४) निवडीसाठी ग्रंथप्रदर्शन : ग्रंथविक्रेत्यांना विद्यापीठात बोलावून दोन दिवसांचे प्रदर्शन भरविण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. तेथे अध्यापकांबरोबर विद्यार्थ्यांनाही शिफारस-चिठ्ठ्या द्याव्यात. चिठ्ठीवर ग्रंथाचे नाव आणि ‘हा ग्रंथ कोणाच्या उपयोगी पडेल?’ या प्रश्नाचे एका वाक्यात उत्तर मागावे. ग्रंथ हातात घेऊन, अनुक्रमणिका व सूची चाळून निवड करणे हे स्वतःच एक शिक्षण आहे. वर्गात जे संदर्भ-साहित्याचे धडे दिले जातात, त्यांचे प्रात्यक्षिक येथे होते.

(५) ग्रंथालय समितीत प्रतिनिधित्व : प्रतिनिधी घ्यावयाचा तर दोन तरी घ्यावेत, त्यांपैकी एक वसतिगृहातील व एक बाहेरून येणारा असावा. सभेपूर्वी आठ दिवस त्यांना कार्यक्रमपत्रिका द्यावी आणि मागणीवहीचा गोषवारा सभेपुढे मांडण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवावे. हातात ठोस कागद असला म्हणजे ज्येष्ठांच्या सभेतही तरुणाला बोलता येते.

सेवांच्या बाबतीत

ग्रंथनिवडीपेक्षाही सेवांच्या बाबतीत विद्यार्थ्यांचे म्हणणे अधिक निर्णायक मानावयास हवे. कारण सेवेचा उपभोग तेच घेतात. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाच्या ग्रंथालयाने या शतकाच्या पहिल्या दशकात एका मानववंशशास्त्रज्ञ विदुषीच्या साहाय्याने आपल्याच विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना छायाचित्रक देऊन त्यांच्या अभ्यासाच्या जागा टिपावयास सांगितले. दिवसभरात ते कोठे कोठे जातात, हे नकाशावर नोंदवून घेतले. कोरा कागद व रंग देऊन आपल्या मनातील ग्रंथालयाचे चित्र काढावयास सांगितले. ग्रंथपाल ज्या वेळी खुर्चीवर असतात, ती वेळ आणि विद्यार्थी निबंध लिहिण्यास बसतात, ती वेळ यांचा मेळ नाही, हे त्यातून उघड झाले. प्रश्नावलीत विद्यार्थी ‘सेवा समाधानकारक’ असे लिहून मोकळा होतो. त्याच्या दिनक्रमाकडे पाहिले असता खरी अडचण दिसते.

आपल्याकडे यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. एक आठवडाभर दर तासाला वाचनकक्षातील डोकी मोजावीत, आणि शंभर विद्यार्थ्यांकडून त्यांच्या एका दिवसाचे वेळापत्रक लिहून घ्यावे. वसतिगृहातील विद्यार्थ्याला रात्री दहापर्यंतचा वाचनकक्ष हवा असतो. बसने येणाऱ्या विद्यार्थिनीला त्याचा काडीचाही उपयोग नाही. शेवटची बस चुकू नये, म्हणून ती पाचलाच निघते. तिला हवी असते ती सायंकाळी ग्रंथ नेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी परत करण्याची सवलत, आणि सकाळी वर्ग भरण्यापूर्वी उघडणारी खिडकी. केवळ ‘वेळ वाढवा’ अशी मागणी आल्यास वसतिगृहाचे समाधान होईल आणि गावाकडची विद्यार्थिनी जेथल्या तेथे राहील. म्हणून कोणाचे मत घेतले, यावरच निर्णयाची न्याय्यता अवलंबून राहते.

ग्रंथ हरविण्याच्या भीतीने कपाटे बंद ठेवण्याची प्रवृत्तीही येथे विचारात घ्यावी. केंद्र शासनाच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत, वर्षभरात दिलेल्या वा वाचनार्थ वापरल्या गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची तूट ही वाजवी समजावी, अशी तरतूद आहे. मात्र ती अप्रामाणिकपणा वा निष्काळजीपणा यांतून झालेली नसावी. वापर होईल तेथे थोडी झीज होणारच, हे शासनानेही मान्य केले आहे. राज्यांचे व विद्यापीठांचे स्वतःचे नियम पाहून ग्रंथपालांनी ही बाब वित्त अधिकाऱ्यांच्या निदर्शनास आणून द्यावी. मुक्तद्वार पद्धती राबविताना विद्यार्थी-सेवकांचे साहाय्य घेतल्यास चुकीच्या जागी ठेवले गेलेले ग्रंथ शोधणे, फाटलेली पाने कळविणे, नवागतांना तालिका दाखविणे ही कामे उत्तम होतात. कपाटे ज्याने स्वतः लावली, तो ग्रंथाचे पान फाडण्यास धजत नाही.

मर्यादा व दक्षता

या पद्धतीचे धोकेही स्पष्टपणे मांडले पाहिजेत. पहिला धोका असा की, विद्यार्थ्यांना विचारले तर ते परीक्षेच्या मार्गदर्शिका मागतील, असे म्हटले जाते. ते काही अंशी खरे आहे. परंतु मार्गदर्शिकेची मागणी हीदेखील एक माहिती आहे. ज्या विषयात ती फार येते, त्या विषयात सुबोध पाठ्यग्रंथांची उणीव आहे, किंवा असलेल्या प्रती अपुऱ्या आहेत, असा तिचा अर्थ घ्यावा. मार्गदर्शिका न घेता तो चांगला पाठ्यग्रंथ घ्यावा आणि मागणीवहीत तसे उत्तर लिहावे.

दुसरा धोका संग्रहाच्या समतोलाचा. आजच्या विद्यार्थ्याची गरज हीच एकमेव कसोटी ठरविल्यास, वीस वर्षांनी येणाऱ्या संशोधकावर अन्याय होईल. दुर्मिळ ग्रंथ, नियतकालिकांचे जुने खंड, स्थानिक इतिहासाची साधने यांची मागणी वहीत कधीच मोठ्या संख्येने येणार नाही. तरीही त्यांचा सांभाळ हे विद्यापीठाचे कर्तव्यच आहे. म्हणूनच विद्यार्थी निधी स्वतंत्र व मर्यादित असावा, आणि उर्वरित निवडीचे उत्तरदायित्व अध्यापक व ग्रंथपाल यांच्याकडे राहावे. विशेषतः जुने ग्रंथ बाद करताना केवळ देवघेवीच्या तारखा पाहून निर्णय घेऊ नये.

तिसरा धोका असा की, सहभाग मोजक्या विद्यार्थ्यांच्या हाती जाईल. जो धीट आहे, शहरातला आहे, संघटनेत आहे, त्याचेच म्हणणे ऐकू येईल. यासाठीच मत मागण्यापेक्षा गरजेची नोंद करणाऱ्या पद्धती वर प्रथम दिल्या आहेत. खिडकीवरील तक्त्यातील खूण ही बोलक्या व अबोल विद्यार्थ्याची सारखीच असते.

चौथी दक्षता गोपनीयतेची. कोणत्या विद्यार्थ्याने कोणता ग्रंथ नेला, ही माहिती मागणीच्या अभ्यासासाठी वापरताना नावे वगळूनच वापरावी. वाचकाच्या वाचनावर कोणाची नजर आहे, अशी शंका उत्पन्न झाली की मोकळेपणा संपतो.

विद्युत् साधने आणि स्थानिक जबाबदारी

संशोधन-नियतकालिकांच्या बाबतीत परिस्थिती झपाट्याने पालटली आहे. केंद्र शासनाची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना १ जानेवारी २०२५ पासून अमलात आली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके शासकीय उच्च शिक्षण व संशोधन संस्थांतील विद्यार्थी-अध्यापकांना खुली करण्यात आली. ही निवड मध्यवर्ती पातळीवर होते. एका विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला तीत शब्द टाकण्यास फारसा वाव नाही. त्यामुळे स्थानिक ग्रंथालयाची जबाबदारी कमी झाली, असे मात्र समजू नये. उलट ती अधिक नेमकी झाली आहे. जागतिक नियतकालिके जर मध्यवर्ती योजनेतून मिळत असतील, तर स्थानिक निधी हा पाठ्यग्रंथांच्या पुरेशा प्रती, भारतीय भाषांतील ग्रंथ आणि प्रादेशिक साधने यांकडे वळविता येईल. आणि याच तीन बाबींत विद्यार्थ्यांचे म्हणणे सर्वाधिक मोलाचे असते. शिवाय ही साधने उपलब्ध आहेत, हे विद्यार्थ्याला माहीत नसेल, तर ती बंद कपाटातील ग्रंथांप्रमाणेच होत. विद्यार्थ्याने विद्यार्थ्याला शिकवावयाच्या अर्ध्या तासाच्या पाठांनी हे काम उत्तम साधेल.

एका वर्षाचा कार्यक्रम

ज्या ग्रंथालयांना आरंभ करावयाचा आहे, त्यांनी पुढील क्रम अनुसरावा. जून-जुलैमध्ये नवागतांच्या परिचयवर्गातच मागणीवही दाखवावी व खिडकीवरील तक्ता सुरू करावा. ऑगस्टमध्ये, १२ तारखेस साजऱ्या होणाऱ्या राष्ट्रीय ग्रंथपाल दिनाच्या निमित्ताने, ग्रंथप्रदर्शन भरवून शिफारस-चिठ्ठ्या घ्याव्यात. सप्टेंबरात वाचनकक्षाची तासवार मोजणी करून वेळांचा फेरविचार करावा. ऑक्टोबरपर्यंत विद्यार्थी निधीतील निम्मी रक्कम खर्च व्हावी. डिसेंबरमध्ये समितीपुढे गोषवारा मांडावा. फेब्रुवारीत, मागणीवरून घेतलेल्या ग्रंथांची देवघेव आणि रूढ पद्धतीने घेतलेल्या ग्रंथांची देवघेव यांची तुलना करावी. ही तुलना प्रामाणिकपणे प्रसिद्ध करावी. ती प्रतिकूल निघाली तरी करावी. निधी वाढवावा की नाही, याचे उत्तर त्या आकड्यांनीच द्यावे.

समारोप

विद्यार्थी विद्यापीठात दोन-तीन वर्षे राहतो आणि निघून जातो, ग्रंथालय राहते. त्यामुळे त्याच्या मताला कितपत महत्त्व द्यावे, असा प्रश्न विचारला जातो. परंतु एक विद्यार्थी गेला तरी त्याने वहीत लिहिलेली मागणी व तिच्यामुळे आलेला ग्रंथ मागे राहतो. पुढल्या वर्षी त्याच गावातून, त्याच बसने आणखी कोणी विद्यार्थिनी येते आणि तिला तो ग्रंथ कपाटात मिळतो. तिला प्रबंधिकेचा विषय बदलावा लागत नाही. विद्यार्थ्यांना सहभागी करून घेण्याचे प्रयोजन शेवटी एवढेच आहे. त्यासाठी नव्या इमारतीची वा मोठ्या अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. तीन रकान्यांची एक वही आणि तिच्यात नियमितपणे उत्तर लिहिण्याचा निश्चय, एवढ्यावर आरंभ करता येतो.